ऑक्झिनपासून सुरुवात कर

स्वागत! वनस्पतींची सगळी हॉर्मोन्स एकदम वाचायला घेऊ नकोस, आधी ऑक्झिन हे वाढीचं हॉर्मोनच धर. २००५ मध्ये मार्क एस्टेल आणि ऑटोलिन लेझर यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की टीआयआर१ हे प्रथिनच ऑक्झिनचा ग्राही, म्हणजे ऑक्झिनला ओळखून बांधणारा रेणू, आहे. ऑक्झिन त्याला आणि ऑक्स/आयएए या जनुकं दाबून ठेवणाऱ्या प्रथिनाला डिंकासारखं चिकटवतं. मग त्या ऑक्स/आयएए प्रथिनाला युबिक्विटिन (नष्ट करण्याची खूण) जोडलं जातं, प्रोटिआसोम (पेशीतलं प्रथिनं तोडणारं यंत्र) ते प्रथिन फोडतो आणि दाबलेली जनुकं मोकळी होतात.

नवखे हमखास इथे चुकतात:

- आरएनए वाढला म्हणजे प्रथिन वाढलं, असं धरतात. ऑक्झिन दिल्यावर अनेक ऑक्स/आयएए जनुकांचा आरएनए वाढतो, प्रथिन मात्र घटतं!
- ब्लॉटवर (प्रथिन पट्ट्याच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीत) पट्टा फिका दिसला की लगेच 'विघटन' लिहितात. शेजारी एमजी१३२ (प्रोटिआसोम रोखणारं रसायन) दिलेला नमुना हवाच, आणि ते ज्यात विरघळवतात त्या नुसत्या डीएमएसओचाही.
- आयएएचं (म्हणजे ऑक्झिनचंच, वरच्या प्रथिनाचं नव्हे) द्रावण उजेडात ठेवतात.

जिबरेलिन, जॅस्मोनेट नंतर बघू.