वाचकांचे प्रश्न : हाडाचा चुरा गोळा करणारी गाळणी का तुंबते?

प्रश्न : आम्ही बायोमेडिकल अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहोत. सक्शनच्या, म्हणजे शस्त्रक्रियेतलं रक्त आणि द्रव ओढून घेणाऱ्या नळीत बसणारी गाळणी बनवतो आहोत. ड्रिल करताना निघणारा हाडाचा चुरा तिच्यात जमावा आणि तोच ग्राफ्ट (हाडातली पोकळी भरायचा भराव) म्हणून त्या रुग्णाला वापरता यावा, असा विचार आहे. पण चमचाभर चुरा जमला की सक्शनची ओढच संपते. जाळीची भोकं मोठी करावीत का?

उत्तर : भोकांच्या आधी जाळीची ठेवण बदला. नळीला आडवी चकती लावली असेल, तर पहिला थर बसल्यावर पुढचा सगळा द्रव त्या थरातूनच जातो. सक्शन तो थर आणखी दाबतं आणि रक्तातलं फायब्रिन (गुठळीचे चिकट धागे) त्याला चिकटवून टाकतं. २० मिमी व्यासाच्या चकतीचं क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौ. मिमी असतं. त्याच व्यासाची ६० मिमी उंच दंडगोल जाळी घेतलीत, तर नुसत्या बाजूचं क्षेत्रफळ ३,७७० चौ. मिमी होतं, म्हणजे १२ पट. द्रव वरून आत यावा आणि बाजूच्या जाळीतून बाहेर जावा. चुरा तळाशी बसत राहतो, वरची जाळी बराच वेळ मोकळी राहते. मात्र भांडं उभं राहायला हवं. आडवं पडलं तर चुरा एका बाजूला पसरतो आणि मिळवलेलं क्षेत्रफळ हातचं जातं.

जाळी निवडताना तारेची जाडीही विचारा. ०.३ मिमी भोक आणि ०.२ मिमी तार असेल, तर मोकळी जागा जेमतेम ३६ टक्के. तार ०.१ मिमी केली तर ती ५६ टक्क्यांवर जाते, पण अशी जाळी ओढीने आत दबते, तिला बाहेरून आधाराची चौकट द्यावी लागते. भोकाच्या आकाराबद्दल म्हणाल, तर मांडीच्या हाडाच्या पोकळीतून रीमरने (पोकळी आतून कोरणाऱ्या अवजाराने) ग्राफ्ट काढणाऱ्या यंत्रणेत ५०० मायक्रॉनची, म्हणजे ०.५ मिमीची गाळणी वापरलेली आहे. पहिली चाचणी तिथून सुरू करा. त्याहून बारीक जाळी जास्त माल देते हे खरं, पण त्यातला बराचसा चिखल असतो.

गाळणी तुंबली म्हणून शस्त्रक्रियेची जागा रक्ताने भरू देता येत नाही, त्यामुळे बायपास झडप, म्हणजे तुंबल्यावर द्रवाला गाळणी टाळून जाऊ देणारी झडप, लागेलच. ती उघडल्याचं बाहेरून दिसलं पाहिजे. नाहीतर चुरा गुपचूप टाकाऊ द्रवाच्या बाटलीत जातो आणि ग्राफ्ट भरण्याची वेळ आल्यावर भांडं अर्धं रिकामं निघतं.

प्रश्न : जमलेला माल पिठासारखा बारीक निघतो. एकावर एक दोन जाळ्या लावून दाणे वेगळे केले तर चालेल का?

उत्तर : वेगळे होतील, पण पिठाचे दाणे होणार नाहीत. दोष कापणाऱ्या अवजारात शोधा. जास्त वेगाने फिरणारा, बोथट झालेला बर (ड्रिलचं गोल कापणारं टोक) हाड कापत नाही, घासतो. त्यातून धूळ निघते आणि उष्णता वाढते. हाडाचं तापमान ४७ अंश सेल्सिअसवर एक मिनिट राहिलं तरी पेशींना इजा होते. धारदार आणि खोल खाचांचं ड्रिल कमी वेगाने चालवलं की सालपटासारखे तुकडे निघतात. खूप बारीक धूळ शरीरात लवकर शोषली जाते, शिवाय ती दाबून भरली की कणांमध्ये रक्तवाहिन्या शिरायला जागाच उरत नाही.

प्रतवारी करायचीच असेल तर वर २ मिमी आणि खाली ०.५ मिमी अशा दोन जाळ्या ठेवा. ओला चुरा कोरड्या धान्यासारखा चाळला जात नाही, रक्ताने त्याचे गोळे होतात, म्हणून सलाईनच्या हलक्या धारेखाली चाळा. साधं पाणी कधीही नको, त्यात पेशी फुगून फुटतात. खाली गळलेला द्रवही लगेच फेकू नका. सुट्या पेशी दहा-वीस मायक्रॉनच्याच असतात, त्यातल्या बऱ्याच कोणत्याही जाळीतून निसटतात. त्या कामी लावायच्या असतील तर दुसरं निर्जंतुक भांडं आराखड्यात आत्ताच धरा.

प्रश्न : प्रयोगशाळेत गाळणी उत्तम चालली, खऱ्या रक्तात तुंबली. चाचणीत काय चुकलं?

उत्तर : दोन शक्यता पहिल्यांदा तपासा. सायट्रेट (गोठणं थांबवणारं रसायन) घातलेलं रक्त वापरलं असेल तर ते गोठतच नाही, आणि तुमची गाळणी नेमकी गुठळीनेच तुंबते. चाचणीच्या आधी त्यात कॅल्शियम क्लोराइड घालून गोठण्याची क्षमता परत आणा. दुसरं म्हणजे मज्जेतली चरबी. शरीराच्या तापमानाला ती पातळ असते, थंड सलाईनमध्ये घट्ट होऊन जाळीवर लेपासारखी बसते. म्हणून चाचणी ३७ अंशांवर करा आणि खोलीच्या तापमानावरही करा. मोजमाप वजनाने घ्या, तेही दर वेळी ठरावीक मिनिटं निथळल्यानंतर. आकारमान दाबावर बदलतं, त्यावर विसंबू नका. जाळीवर, नळीत आणि टाकाऊ बाटलीत किती राहिलं हे वेगवेगळं तोललं तरच गळती कुठे आहे ते कळेल.

प्रश्न : हीच गाळणी चरबीच्या ग्राफ्टसाठी चालेल का?

उत्तर : नाही. हाड तळाशी बसतं, चरबी तरंगते, आणि चरबीच्या पेशी जोराच्या ओढीने फुटतात. तिथे कमी ओढ, रुंद मार्ग आणि घनतेनुसार थर वेगळे करणं लागतं : वर तेल, मध्ये चरबी, खाली रक्त आणि द्रव. सेंट्रिफ्यूजची कृती नुसत्या फेऱ्यांत लिहू नका. मिनिटाला ३,००० फेऱ्या म्हणजे १० सेंमी त्रिज्येला सुमारे १,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या १,००० पट), तर १५ सेंमीला १,५०० जी. फेऱ्या तेवढ्याच, पण पेशींवरचा भार दीडपट.

प्रश्न : तोंडातल्या शस्त्रक्रियेत लाळ मिसळते. काय करावं?

उत्तर : दोन सक्शन ठेवा. लाळेसाठी साधं, आणि हाडासाठी गाळणीचं, जे फक्त हाड कापलं जात असतानाच टोकाला न्यायचं. एकाच नळीने दोन्ही कामं केली, तर तोंडातले जिवाणू थेट ग्राफ्टमध्ये जमा होतात.

प्रश्न : भांडं उघडताना चुरा सांडतो. झाकणाला आटे द्यावेत का?

उत्तर : आट्यांमध्ये हाडाचे कण अडकतात आणि ओल्या हातमोज्यांनी ते फिरत नाहीत. पाव फेरीत खाचेत अडकणारं बेयोनेट झाकण आणि ओ-रिंग (गळती थांबवणारं रबरी कडं) द्या. जाळीची बास्केट सुटी निघावी, तिचा तळ सपाट असावा आणि आत बरोबर बसणारा दट्ट्या सोबत द्यावा, म्हणजे चुरा खरवडावा लागत नाही. हे भांडं पुन्हा वापरण्याचं असेल तर विणलेल्या जाळीऐवजी भोकं कोरलेला पत्रा घ्या. तारांच्या गाठींतलं वाळलेलं रक्त ब्रशने निघत नाही, आणि घाण राहिली तर वाफेच्या निर्जंतुकीकरणावर भरवसा ठेवता येत नाही.