पॅथॉलॉजी लॅबमध्ये पूर, आग, वीज जाणं यासाठी काय तयारी ठेवावी? तयार आराखडा कुठे मिळेल का?

तयार आराखडा मिळतो. लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएलची कामं करून देणारा कुठलाही सल्लागार तो एका दिवसात देईल, फक्त वरचं लॅबचं नाव बदललेलं असेल. आयएसओ 15189 या लॅबच्या गुणवत्तेच्या मानकाच्या 2022 च्या आवृत्तीत कलम 7.8 आपत्कालीन नियोजनाचं आहे. त्याखाली ती पानं लावलीत की तपासणीच्या दिवशी तुमचं भागेल. पण तुम्ही प्रश्नात लिहिलंय की लॅब नदीकाठच्या तालुक्याच्या गावात आहे, तळमजल्यावर आहे, आणि सर म्हणतात, "आपल्याकडे कधी पाणी आलेलं नाही." हे वाचलं आणि मी लिहायला बसले. सांगलीत हेच वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकलंय.

आमची लॅब मारुती रोडच्या मागच्या बाजूला, एका खाजगी हॉस्पिटलच्या तळमजल्यावर होती. 2005 च्या पुरात पाणी बाहेरच्या दुसऱ्या पायरीला लागून परत गेलं, म्हणून तिथं ऑइलपेंटची रेघ मारून ठेवली होती. लॅब वरच्या मजल्यावर न्या असं मी म्हटलं की प्रशासक साहेब त्या रेघेकडे बोट दाखवायचे. त्यांचं दुसरं म्हणणं, पेशंटला जिना चढायला लावायचा का? त्यात तथ्य होतं. पण रक्त घ्यायची खोली खाली ठेवून मशिनं आणि फ्रीज वर नेता येतात. सॅम्पल न्यायला एक मामा, म्हणजे शिपाई, पुरतो. हे मी लेखी दिलं होतं, आणि त्यावर कुणी काही लिहून दिलं नाही.

सांगलीत पावसाळ्यात कुणी कुणाला भेटलं की पहिला प्रश्न असतो, "आयर्विनला किती फूट?" कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी मोजतात; इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. ऑगस्ट 2019 मध्ये नागपंचमीच्या सुमारास आकडा चढायला लागला आणि पुढं तो 57 च्या वर गेला. 2005 ची रेघ कितीतरी खाली बुडाली. गेल्या वेळी पाणी कुठं थांबलं हे माहीत असलं म्हणजे या वेळी कुठं थांबेल ते कळतं, असं नाही. आराखड्यात "आजवरची कमाल पातळी" असा रकाना असेल तर त्याच्या वर किमान एक मजला धरा. मजल्यापेक्षा कमी मी मान्य करणार नाही.

कृष्णेचं पाणी सावकाश चढतं. कोयनेतून सोडलेलं पाणी सांगलीला यायला बरेच तास लागतात, त्यामुळे हातात वेळ असतो. आम्हालाही होता. तो कशात गेला ते सांगते.

साहेबांचा हुकूम आला की आधी मोठं मशीन वर न्या, लाखांचं आहे. पूर्ण ऑटोमॅटिक बायोकेमिस्ट्री अ‍ॅनालायझर, खाली पाण्याची लाइन आणि ड्रेन जोडलेला, उचलायला सहा माणसं. कंपनीचा इंजिनिअर पुण्याहून येणार कसा, रस्तेच बंद पडत चालले होते. सगळे वॉर्डबॉय आणि मामा त्या मशीनला लागले. ते जिन्याच्या वळणावर बसेना. शेवटी पॅसेजमध्येच ठेवावं लागलं आणि तिथंच पाण्यात गेलं.

तेवढ्या वेळात मी दोन मावशींना घेऊन फ्रीज रिकामा केला. रिएजंट, म्हणजे तपासणीची रसायनं, ज्या थर्मोकोलच्या खोक्यातून येतात ती खोकी मी कधी फेकू देत नाही, आणि जेलपॅक फ्रीझरमध्ये कायम असतात. पहिल्या खोक्यात पेशंटची तपासायची राहिलेली सॅम्पल्स. दुसऱ्यात ब्लड ग्रुप तपासायचे अँटीसेरा, निकाल पडताळायचे कंट्रोल, रॅपिड किट. मग रजिस्टरं आणि कॉम्प्युटरची हार्ड डिस्क. मग मायक्रोस्कोप, सेमी-ऑटो (छोटं बायोकेमिस्ट्री मशीन), रक्त फिरवून सिरम वेगळं करायचं छोटं सेंट्रिफ्यूज. शेवटी माळ्यावरची एक पत्र्याची पेटी. ही पेटी काढली तेव्हा साहेब चिडले. म्हणाले, "मॅडम, ही भंगारातली पेटी कशाला? मशीनला हात लावा."

त्या पेटीत काय होतं ते तुमच्या आराखड्याच्या पहिल्या पानावर यायला हवं. आरसा असलेला जुना मायक्रोस्कोप, ज्याला बल्ब लागत नाही, खिडकीतला उजेड पुरतो. रंग जुळवून हिमोग्लोबिन काढायचा साहलीचा हिमोग्लोबिनोमीटर. पेशी मोजायला न्यूबॉवर चेंबर आणि पिपेट. रक्ताची स्लाइड रंगवायला लिशमन स्टेनची बाटली. स्पिरिटचा दिवा. लघवी तपासायच्या पट्ट्या. आणि काचेच्या साध्या टेस्टट्यूब, कोऱ्या, कोरड्या, गठ्ठा बांधलेल्या. आमच्याकडे रक्त घ्यायच्या सगळ्या ट्यूब (व्हॅक्युटेनर) प्लॅस्टिकच्या आल्यावर एका मोठ्या पदवीच्या सरांनी काचेच्या ट्यूब टाकून द्यायला सांगितलं होतं. फुटतात, हात कापतो, आता कोण वापरतं, असं त्यांचं म्हणणं. मी त्या पेटीत घातल्या आणि पेटी माळ्यावर ठेवली.

दुसऱ्या मजल्यावर, ऑपरेशन थिएटरशेजारच्या खोलीत आम्ही लॅब मांडली. जनरेटर तळमजल्यावर होता, तो पाण्यात गेला. वरच्या मजल्यावर एका डॉक्टरांच्या केबिनचा इन्व्हर्टर तेवढा चालू होता. त्यावर सेमी-ऑटो आणि छोटं सेंट्रिफ्यूज आळीपाळीनं चालवलं, म्हणजे क्रिएटिनीन आणि बिलिरुबिन तरी निघत होतं. सोडियम-पोटॅशियम नाही, एबीजी (धमनीच्या रक्तातल्या वायूंची तपासणी) नाही. ज्यांना ते लागणारच अशा पेशंटना बोटीनं बाहेर काढून मिरजेला पाठवायचं, हे फिजिशियन मॅडमनी पहिल्याच संध्याकाळी ठरवून टाकलं.

मग एका माणसाला बोटीतून आणलं. गोठ्यातली जनावरं सोडवायला गेला होता, पायाला साप चावलेला. साप पाहिलेला नाही. पुरात साप उंच जागा धरतात, गोठ्यात, माळ्यावर, झाडावर येतात, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत. पाय सुजलेला, बाकी बोलत होता. घोणस किंवा फुरसं असेल तर रक्त गोठणं बिघडतं. पीटी, म्हणजे रक्त गोठायच्या वेळेची तपासणी, लावायचं मशीन पाण्याखाली. पण या कामाला मशीन लागतच नाही. शिरेतून 2 मिली ताजं रक्त काचेच्या कोऱ्या कोरड्या ट्यूबमध्ये घ्यायचं, 20 मिनिटं हलवायचं नाही, मग तिरकं करून बघायचं. गोठलं नसेल तर विष रक्तावर काम करतंय. ही ट्यूब काचेचीच लागते. प्लॅस्टिकमध्ये निकाल चुकतो, आणि साबणानं धुतलेल्या काचेतही चुकतो.

वीस मिनिटांनी ट्यूब तिरकी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. मॅडमनी तिथल्या तिथं अँटीस्नेक व्हेनम सुरू केलं. सहा तासांनी परत काचेची ट्यूब, आणि त्यापुढंही. प्रत्येक वेळी कोरी ट्यूब लागते. ज्या वेळी गुठळी धरली त्या वेळी मध्यरात्र उलटून गेली होती. मी बॅटरीच्या उजेडात ती ट्यूब मॅडमच्या हातात दिली. तो माणूस पाणी उतरल्यावर चालत घरी गेला.

त्याच काळात एका बाळंतिणीला फार रक्तस्राव झाला. साहलीनं हिमोग्लोबिन काढलं. एन बाय टेन हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड खालच्या खुणेपर्यंत, त्यात 20 मायक्रोलिटर रक्त, दहा मिनिटं थांबायचं, मग थेंब थेंब पाणी घालत खिडकीच्या उजेडात रंग जुळवायचा. आमच्या तरुण पोरांनी हे डीएमएलटी या लॅब टेक्निशियनच्या पदविकेच्या प्रॅक्टिकलला एकदा केलेलं, तेही जर्नल पूर्ण करायला. शिकवायला आमचे निवृत्त सीनियर काका आले, सांगलीतल्याच विश्रामबागेतून निघून, थोडं चालत, थोडं बोटीतून. त्यांना मशीनवरचं काही येत नाही म्हणून शेवटच्या वर्षांत त्यांना फक्त लघवीच्या टेबलावर बसवलं होतं. त्या आठवड्यात सगळी लॅब त्यांना विचारून चालली. बाळंतिणीचं सॅम्पल बर्फाच्या खोक्यातून मिरजेच्या रक्तपेढीत गेलं, तिथं क्रॉसमॅच (दात्याच्या रक्ताशी जुळणी) झालं आणि त्याच खोक्यातून पिशव्या आल्या. पिशवीचा आणि बाईचा ग्रुप काकांनी आमच्या अँटीसेरावर परत तपासला, तेव्हाच रक्त चढलं. अँटीसेरा खाली फ्रीजमध्ये राहिले असते तर तेही करता आलं नसतं. रिएजंट नव्यानं मागवायची सोय नव्हती. रस्ते कित्येक दिवस बंद होते, पुण्याकडून गाडी येत नव्हती.

आता तुमचे बाकीचे प्रश्न. यूपीएस किती केव्हीएचा? तुमच्या मशिनांच्या मागच्या पट्टीवरचे वॅट बेरीज करा आणि चालू बॅच संपवून मशीन नीट बंद करता येईल एवढा घ्या. यूपीएसवर लॅब चालवायची नसते. फ्रीज जनरेटरवर घ्या आणि जनरेटर उंचावर ठेवा. फ्रीजचं दार बंद ठेवलं तर तीन-चार तास थंडावा टिकतो, म्हणून वीज गेल्यावर दार उघडायला बंदी घाला. आगीसाठी: मिथेनॉल, अ‍ॅसिटोन, झायलीन यांचा साठा कमी ठेवा आणि तो वीजपेटीखाली ठेवू नका. लेबलं शाईनं लिहू नका, स्लाइडच्या घासलेल्या टोकावर पेन्सिलनं लिहा. आमची प्रिंट केलेली स्टिकरं विरघळून गेली, पेन्सिल जशीच्या तशी राहिली. जंतू वाढवलेल्या कल्चर प्लेट आणि संसर्गजन्य कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या पाणी यायच्या आधी ऑटोक्लेव्ह (वाफेनं निर्जंतुक) करून टाका, नाहीतर त्या सगळ्या गल्लीत तरंगतात. आणि पाण्यात उतरलेल्या प्रत्येकाला, मावशींनासुद्धा, लेप्टोसाठी (पुराच्या घाण पाण्यातून होणारा ताप) डॉक्सीसायक्लिन या गोळीबद्दल तुमच्या डॉक्टरांना विचारा. लॅबच्या माणसांची आठवण सगळ्यात शेवटी येते.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. साहलीचा आकडा मशीनइतका बिनचूक नाही, डोळ्याप्रमाणे फरक पडतो. म्हणून आम्ही प्रत्येक रिपोर्टवर "हाताने केलेली तपासणी" असं लिहून पॅथॉलॉजिस्टची सही घेत होतो. रोजच्या कामात हे करू नका. वीस मिनिटांची ट्यूब एकदा गोठली म्हणजे साप बिनविषारी असंही नाही. ती परत परत करावी लागते, आणि नाग-मण्यारीच्या चाव्यात तिचा उपयोग नाही, ते विष मज्जातंतूंवर जातं. आणि मी सांगितलेला हलवाहलवीचा क्रम सावकाश चढणाऱ्या पाण्याचा आहे. तुमची नदी कोकणातली असेल तर तो विसरा. जुलै 2021 मध्ये चिपळूणला आणि महाडला पाणी ज्या वेगानं शिरलं, त्यात खोकी भरायला कुणाला वेळ मिळत नाही. तिथं लॅब आधीपासून वर असणं हा एकच उपाय.

आमच्याकडे पाणी उतरलं, गाळ काढला, विम्याचे पैसे आले, आणि नवी लॅब परत त्याच तळमजल्यावर, नव्या टाइल्स लावून झाली. मी परत लेखी दिलं. उत्तर आलं, असा पूर शंभर वर्षांत एकदा येतो. जुलै 2021 मध्ये आयर्विनला पाणी पुन्हा 50 फुटांच्या वर गेलं. तोपर्यंत मी तिथली नोकरी सोडली होती. पेटी मात्र तिथंच ठेवून आले, आणि काकांकडून साहली शिकलेली दोन मुलं तिथंच आहेत.

तुमच्या सरांना एवढंच विचारा: रात्री दोन वाजता पाणी वाढतंय, तुम्ही फोन उचलत नाही, तेव्हा फ्रीज हलवायचा निर्णय कोण घेणार? ते ज्याचं नाव सांगतील ते आराखड्यात लिहून खाली त्यांची सही घ्या. माझं मत विचाराल तर ते नाव ड्यूटीवरच्या टेक्निशियनचं असावं, मग तो कितीही नवा असो.