ऊसतोडीवर पहिल्यांदाच फील्डला जाणाऱ्यासाठी

अरे, प्रश्नावली घेऊन जातोयस ते ठीक, पण आधी तिच्यातला 'कुटुंबप्रमुख' हा कॉलम बघ. बीडकडून जोडपं निघतं, दोघांना मिळून 'एक कोयता', म्हणजे मजुरीचं एकच युनिट, धरतात, उचल (कामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम) बहुतेक नवऱ्याच्या नावावर, आणि तू पण त्यालाच विचारून आलास की बाईचं काम गायबच झालं ना. जनगणनेत तर स्थलांतराचं एकच कारण लिहितात, त्यामुळे कितीतरी बायकांपुढे नुसतं 'लग्न' येतं, मग ती पहाटे उठून मोळ्या बांधत असली तरी.

दुसरं म्हणजे सीझन. दिवाळीच्या आसपास निघालेली माणसं मार्च-एप्रिलला परततात, मधल्या काळात गावात सर्व्हे केलास तर म्हातारी माणसं आणि कुलपं भेटतील. २००७-०८ च्या एनएसएसमध्ये, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात, अल्पकालीन स्थलांतर म्हणजे कामासाठी एक ते सहा महिन्यांच्या आत बाहेर, अशी व्याख्या होती. हंगाम लांबला की तोच माणूस त्या चौकटीतनं बाहेर, आता बोल!

मी पहिल्या वर्षी मुकादमालाच, म्हणजे उचल देऊन मजूर आणणाऱ्यालाच, सोबत घेऊन कोप्यांवर (मजुरांच्या झोपड्यांवर) गेलो होतो, गाडी त्याची, चहा त्याचा, आणि सगळे म्हणे उचलीचा काही त्रास नाही, मी पण तसंच लिहून मोकळा. नंतर एकटा गेलो, वाढ्याचे (उसाच्या हिरव्या शेंड्यांचे) भारे बांधत बसलेल्या एका मावशींजवळ टेकलो, वही पिशवीतच, तेव्हा मागच्या सालची फिटली नाही म्हणून यंदा परत आलो असं हळूच निघालं.