हिवाळा तोंडावर आला आहे, रोज पहाटे लांबवर मोटारसायकलने जावं लागतं. गाडीची आणि स्वतःची काय काळजी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की गाडी जुनी, कार्बोरेटरवाली १०० सीसीची आहे. पहाटे साडेपाचला निफाडहून निघून नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतली पहिली शिफ्ट गाठायची असते, आणि दिवाळीपासून सकाळी दहा-बारा किका मारल्याशिवाय ती चालूच होत नाही. हा सगळा टापू माझ्या रोजच्या पाहण्यातला आहे. पिंपळगावला माझं दुचाकीचं गॅरेज आहे आणि थंडी पडायला लागली की हीच तक्रार घेऊन माणसं येतात. आधी गाडीचं सांगतो. पण मला खरी काळजी तुमच्या हाताच्या बोटांची आणि त्या रस्त्याची वाटते, त्यामुळे पुढचंही वाचाच.

गारठ्यात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून इंजिनाला सुरुवातीला जास्त पेट्रोल आणि कमी हवा लागते. चोक त्यासाठीच असतो. सकाळी चावी बंद ठेवून दोन-तीन किका सावकाश मारा, म्हणजे ऑइल हलतं. मग चोक पूर्ण ओढा, चावी चालू करा आणि अ‍ॅक्सिलरेटरला हात न लावता एक दमदार किक मारा. बरेच जण किकबरोबर अ‍ॅक्सिलरेटर पिळतात, त्याने चोकचा परिणामच जातो. गाडी चालू झाली की अर्ध्या-एक मिनिटात चोक आत. चोक ओढलेला ठेवून वाटेतल्या चांदोरीपर्यंत गेलात तर स्पार्क प्लगवर काजळी धरते आणि दुसऱ्या दिवशी किका आणखी वाढतात. तुमच्या गाडीला बहुतेक हेच झालंय. प्लग खोलून बघा. टोक विटकरी-कॉफी रंगाचं असेल तर ठीक, काळंकुट्ट असेल तर नवा टाका, महाग नसतो.

दुसरा संशय पाण्याचा. पावसाळ्यात टाकीत शिरलेलं थोडंसं पाणी कार्बोरेटरच्या तळाशी जाऊन बसतं. उन्हाळ्यात चालून जातं, थंडीत ते अडतं. कार्बोरेटरच्या खाली एक बारीक स्क्रू असतो. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करून, खाली काचेची बाटली धरून तो सैल करा. बाटलीत तळाला वेगळे थेंब गोल होऊन बसलेले दिसले तर ते पाणी. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला ओल ओढून घ्यायची सवय आहे, शिवाय इथेनॉलची वाफ व्हायला उष्णता जास्त लागते. म्हणून जुन्या कार्बोरेटरच्या गाड्या सकाळी थोड्या जास्त कुरकुरतात. टाकी रिझर्व्हवर आणून ठेवण्यापेक्षा रात्री शक्यतो भरलेली असू द्या.

इंजिन ऑइलबाबत एक आग्रह आहे. गाडी जुनी झाली, थोडी ऑइल खाते, म्हणून कुणी २०डब्ल्यू५० हे घट्ट ऑइल टाकून देत असेल तर डब्यावरचा आकडा आधी बघा. तुमच्या गाडीच्या पुस्तकात १०डब्ल्यू३० लिहिलेलं असेल तर तेच टाका. घट्ट ऑइलने पहाटे किक जड होते आणि सुरुवातीला इंजिनाच्या वरच्या भागाला ऑइल उशिरा पोहोचतं. झीज नेमकी तेव्हाच होते. चालू झाल्यावर जागेवर दहा मिनिटं घुर्रघुर्र करत ठेवायची गरज नाही. मिनिटभराने निघा आणि पहिले दोन-तीन किलोमीटर हळू चालवा. आणि कृपा करून बंद पडवीत किंवा दार लावलेल्या खोलीत गाडी गरम करू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणसाला कळायच्या आत भोवळ येते.

हे वाचणाऱ्या ज्यांच्याकडे २०२० नंतरची बीएस६, म्हणजे कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शनची गाडी आहे, त्यांना चोक नाही. त्यांनी चावी चालू केल्यावर पेट्रोल पंपाचा ‘झूं’ आवाज थांबेपर्यंत दोन सेकंद दम धरायचा आणि मग सेल्फ मारायचा. त्यांचं सगळं बॅटरीवर असतं. ती पार बसली तर पंप चालत नाही आणि सहसा किकनेही काम होत नाही. दोन-तीन वर्षं जुनी बॅटरी थंडीच्या आधीच तपासून घ्या. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी साडेबारा व्होल्टच्या वर हवी.

बाकी कामं थोडक्यात. चेन डिझेलने धुऊन, कोरडी करून ऑइल द्या. पावसाळ्यातला चिखल चेन-कव्हरमध्ये वाळून बसलेला असतो. क्लचची आणि अ‍ॅक्सिलरेटरची वायर तेल सोडून मोकळी करा, ड्रम ब्रेकचे लायनर काढून घासा, कॅमला ग्रीस लावा. हे मुद्दाम सांगतोय, कारण गारठलेल्या हाताला जड वायर ओढवत नाही. टायरची हवा दर दहा अंश थंडीमागे साधारण दीड पाऊंड उतरते. ऑक्टोबरच्या दुपारी भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे तीन पाऊंड कमी भरली तर नवल नाही. कंपनीने दिलेला आकडा गार टायरचा असतो, म्हणून घराजवळच्या पंपावर, गाडी जास्त चाललेली नसताना भरा.

आता माणसाचं. निफाडची थंडी किती पडते हे तुम्हाला सांगायला नको. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर डिसेंबर २०१८ मध्ये पारा दोन अंशांच्या खाली उतरला होता. पण नुसत्या ८ अंशातही ५० च्या वेगाने निघालं की उघड्या कातडीला ती सुमारे ३ अंशांसारखी लागते. बोटं आधी दुखतात, मग बधिर होतात. बधिर झाल्यावर दुखत नाही म्हणून बरं वाटतं, आणि तिथेच धोका आहे. ५० च्या वेगाला गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. ब्रेक दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला तर ७ मीटर गेले.

लोकरीच्या हातमोज्यातून वारा आरपार जातो. वारा अडवणारे, पण लिव्हर नीट पकडता येईल इतके पातळ हातमोजे घ्या. ते नसतील तर लोकरीच्या मोज्यांवर रबरी मोठे हातमोजे चढवा, दिसायला कसे का दिसेनात. स्वेटरचंही तेच. स्वेटरवर वारा अडवणारं काही नसेल तर त्याचा उपयोग निम्मा. पावसाळ्यानंतर घडी करून ठेवलेल्या रेनकोटचा वरचा भाग बाहेर काढा आणि स्वेटरवर घाला. छातीवर आत जुन्या वर्तमानपत्राची घडी ठेवायची आमच्या आधीच्या पिढीची रीत आजही कामाची आहे. हेल्मेटच्या आत जाड माकडटोपी मात्र नको. हेल्मेट नीट बसत नाही आणि कान इतके झाकले जातात की मागच्या गाडीचा हॉर्नही ऐकू येत नाही. त्याऐवजी पातळ कापडी, मानेपर्यंतची टोपी घ्या. मफलरची टोकं जॅकेटच्या आत खोचा.

हेल्मेटच्या काचेवर वाफ धरते ती नाक झाकल्यामुळे. श्वास खाली जायला वाट ठेवा आणि काच एक खाचभर उघडी असू द्या. रात्री काचेला आतून भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब लावून, मऊ कापडाने दिसेनासा होईपर्यंत पुसून घ्या. चरे पडलेली किंवा काळी काच पहाटेला बदलाच. समोरून दिवा आला की चऱ्यांवर प्रकाश फुटतो आणि दोन-तीन सेकंद काहीच दिसत नाही.

आणि आता रस्ता, ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे तुमचा बहुतेक प्रवास अंधारातला. गोदाकाठी चांदोरीच्या आसपास धुकं उतरतं आणि त्यात द्राक्षबागांचा धूर मिसळतो. मण्यांना गारठा बाधू नये म्हणून शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या करतात. त्यांचाही इलाज नाही, वर्षाचं पीक असतं. पण तो धूर वर न जाता रस्त्यावरच पसरून राहतो. अशा ठिकाणी अप्पर लावलात तर समोर नुसती पांढरी भिंत दिसते. डिपरवरच चालवा आणि नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवा. जुन्या गाडीचा दिवा इंजिनाच्या वेगावर कमी-जास्त होतो, म्हणून धुक्यात टॉप गिअरला रेंगाळण्याऐवजी एक गिअर खाली घ्या. वेग तोच राहतो आणि उजेड टिकतो.

सगळ्यात मोठं भय उसाच्या ट्रॉल्यांचं. गळीत हंगाम नेमका याच दिवसांत सुरू होतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि असला तरी लोंबणाऱ्या वाढ्यांनी, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पाल्याने, झाकलेला. बिघडलेली ट्रॉली रस्त्यातच दगड लावून उभी असते. ते दगडही अंधारात दिसत नाहीत आणि ट्रॉली गेल्यावरही तिथेच पडून राहतात. त्यात लासलगाव-पिंपळगावच्या बाजाराला निघालेले लाल कांद्याचे ट्रॅक्टर शेतातून थेट रस्त्यावर येतात. त्यांच्या चाकांचा चिखल आणि त्यावर पडलेलं दव म्हणजे साबण लावल्यासारखी फरशी. तिथे पुढचा ब्रेक जोरात दाबू नका, आधीच वेग कमी करा. आपल्या दिव्याच्या उजेडात जेवढं दिसतं तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे, अंधारात वेगाला याहून दुसरं माप नाही. तुमच्या गाडीच्या मागे लाल रिफ्लेक्टर पट्टी आणि अंगावर रिफ्लेक्टरचं जॅकेट आजच घ्या. मागून येणाऱ्या पिकअपवाल्यालाही तुम्ही तितकेच दिसत नसता.

वाटेत कापरं भरलं तर चहाच्या टपरीवर थांबा, हात सायलेन्सरला न लावता काखेत धरून ऊब आणा आणि बोटं नीट मिटता येऊ लागल्यावरच निघा. दाट धुक्याच्या दिवशी एसटीने जा, किंवा त्याच बाजूला जाणारी कुणाची चारचाकी असेल तर त्या महिन्यापुरतं भाड्याचं ठरवून टाका. सुपरवायझरशी आत्ताच, नोव्हेंबरात, बोलून ठेवा की धुकं असेल तेव्हा अर्धा तास उशीर होईल. आमच्या भागातल्या बऱ्याच मुलांनी असं सांगून ठेवलंय आणि बहुतेक ठिकाणी ते ऐकलं जातं.