घरी साबण करायचाय, पण प्रत्येक रेसिपीत कॉस्टिक सोड्याचं प्रमाण वेगळं. कोणती बरोबर?

तुम्ही तीन रेसिपी पाहिल्यात, तिन्हींत अर्धा किलो तेल आणि कॉस्टिक मात्र वेगवेगळा. तिन्ही बरोबर असू शकतात, कारण तेलं वेगळी आहेत. म्हणून रेसिपी निवडण्याआधी तेल ठरवा.

प्रत्येक तेलाची कॉस्टिकची भूक ठरलेली असते. १०० ग्रॅम खोबरेल साधारण १८.३ ग्रॅम कॉस्टिक घेतं, शेंगदाणा तेल १३.६, एरंडेल १२.८. आता समजा, नुसत्या खोबरेलाची रेसिपी आहे: ५०० ग्रॅम तेलाला ८७ ग्रॅम कॉस्टिक (पूर्ण भूक ९१.५, त्यातून पाच टक्के मुद्दाम कमी; का, ते पुढे सांगते). तुम्ही म्हणालात, खोबरेल महाग झालंय, शेंगदाण्याचं घालू. ५०० ग्रॅम शेंगदाणा तेलाला लागतो फक्त ६८ ग्रॅम. उरलेला १९ ग्रॅम साबणात मोकळा राहणार आणि आंघोळ करणाऱ्याची कातडी भाजणार. 'जे घरात असेल ते तेल वापरा' असं कुणी सांगत असेल तर तो व्हिडिओ तिथेच बंद करा. वाटी-चमच्याचं माप सांगणाराही. इथे ग्रॅमचा काटा लागतोच, आणि तेलसुद्धा वजनानेच घ्यायचं.

नवशिक्यांना मी हे मिश्रण सांगते: खोबरेल २००, शेंगदाणा २५०, एरंडेल ५० ग्रॅम. हिशोब ३६.६ + ३४ + ६.४, म्हणजे ७७ ग्रॅम. त्यातून पाच टक्के कमी करून ७३ घ्यायचा, म्हणजे थोडं तेल साबणात तसंच राहतं आणि अंग कोरडं पडत नाही. पाणी कॉस्टिकच्या दुप्पट, १४६ ग्रॅम. नुसत्या खोबरेलाच्या साबणाला फेस भरपूर येतो, पण त्वचा ओढल्यासारखी होते.

कॉस्टिक म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. धुण्याचा सोडा किंवा खायचा सोडा चालत नाही, आणि मोरी साफ करायची पावडर तर नकोच. कॉस्टिक पाण्यात टाकायचा, पाणी कॉस्टिकवर ओतायचं नाही, उसळून अंगावर येतं. भांडं हात लाववणार नाही इतकं तापतं आणि नाकाला झोंबणारी वाफ येते, म्हणून गॅलरीत करा. चष्मा, हातमोजे घाला, पोरं आणि मांजर आत. स्टीलचं पातेलं चालेल, ॲल्युमिनियमचं चुकूनही नको: कॉस्टिक ते खातो आणि हायड्रोजन सुटतो. हातावर उडालंच तर लिंबू-व्हिनेगर शोधत बसू नका, सरळ नळाखाली हात धरा आणि बराच वेळ धरून ठेवा.

तेल आणि द्रावण दोन्ही कोमट झाले की एकत्र करून हँड ब्लेंडर चालवायचा. थांबत थांबत. ब्लेंडर उचलल्यावर पडलेली धार वर क्षणभर रेघ सोडून गेली की साच्यात ओता. सुगंध, उटणं काय घालायचं ते याच वेळी. उटणं चमचाभर पुरे, जास्त झालं तर खरखरतं. हळद घालणार असाल तर मिश्रण आधी लालसर होईल. हळद-चुन्याचं कुंकू होतं तोच प्रकार, घाबरू नका. ताज्या कडुनिंबाचा किंवा कोरफडीचा लगदा मात्र घालू नका, साबणाला वास येऊ लागतो.

एक-दोन दिवसांत वड्या पाडा आणि चार ते सहा आठवडे हवेशीर जागी उभ्या ठेवा. दिवाळीला भेट द्यायच्यात ना? मग अनंत चतुर्दशी झाली की लगेच घाला, नरक चतुर्दशीपर्यंत सहा आठवडे मिळतात. मध्ये पितृपंधरवडा येतो म्हणून घरातले कुरकुरतील, साबणाला त्याचं काही नाही. वर पांढरी पूड धरली तर ती बहुतेक निरुपद्रवी असते, ओल्या फडक्याने पुसा.

'कॉस्टिकशिवाय साबण' म्हणून जे दाखवतात ते सोप बेस वितळवून साच्यात ओतणं. त्या बेसमध्ये कॉस्टिकचं काम आधीच कारखान्यात उरकलेलं असतं. घरात लहान मूल असेल तर खुशाल तेच करा, कमीपणा नाही. आणि भेट देणं वेगळं, विकणं वेगळं: विक्रीसाठी अंगाचा साबण बनवायला सौंदर्यप्रसाधनांचा परवाना लागतो.