सीआरए व्हायचंय ना, मग आधी कन्सेंट घ्यायला शीक

अगं, तुझा मेसेज दोनदा वाचला. सायकॉलॉजीत एमए करून सायकियाट्रीच्या क्लिनिकल ट्रायलच्या साइटवर, म्हणजे जिथे पेशंटवर औषधाची चाचणी होते तिथे, कोऑर्डिनेटर लागलीस आणि चार महिन्यांत म्हणतेस मी नुसती कारकून झालेय, वर्ष काढते आणि सीआरओत, म्हणजे ट्रायल चालवणाऱ्या कंपनीत, सीआरए म्हणून साइटचं काम तपासायला जाते. जा की. पण फायली आणि डेटातल्या चुकांच्या क्वेऱ्या म्हणजेच हे काम असं ठरवून टाकलंयस, त्याचा राग आला मला.

कन्सेंट, म्हणजे ट्रायलमध्ये यायला पेशंटची संमती, तो कसा घेतेस ते सांग आधी. फॉर्म वाचून दाखवला, सही घेतली, झालं? आमच्याकडे डिप्रेशनचे एक काका होते, पानापानाला मान डोलवायचे. मी विचारलं, काका, नाही म्हणालात तर काय होईल? तर म्हणे, इथली गोळी बंद करतील ना. म्हणजे अख्खा फॉर्म ऐकून मुख्य गोष्ट डोक्यात शिरलीच नव्हती. परत पहिल्यापासून बसलो, प्लासिबो म्हणजे काय, ती औषध नसलेली गोळी, नाही म्हणालात तरी नेहमीचे उपचार चालूच राहणार, सगळं. शेवटी ते नाही म्हणाले. ट्रायलसाठी पेशंटचं रिक्रूटमेंट मागे पडलेलं, वरचे चिडले. चिडू देत.

2017 च्या मेंटल हेल्थकेअर ॲक्टमध्येच आहे, संशोधनासाठी नुसती मुलाखत घ्यायची असली तरी पेशंटची समजून-उमजून दिलेली संमती हवी, आणि ती तो कधीही मागे घेऊ शकतो. कन्सेंट उरकायचा नसतो गं. पुढच्या व्हिजिटलाही विचारायचं, अजून यायचंय ना?

आणि असं जवळ बसलीस तरच पेशंट बोलतो. पॅन्स, म्हणजे स्किझोफ्रेनियाची लक्षणं मोजायची स्केल, तिचे तीसच्या तीस आयटम होतात आणि बाहेर बीपी घेताना तो हळूच म्हणतो, ताई, जगून काय करायचंय. ते तुझ्याच कानावर पडतं, डॉक्टरांच्या नाही. त्याला एकटं न सोडता लगेच इन्व्हेस्टिगेटरला, म्हणजे ट्रायलच्या डॉक्टरांना, बोलवायचं, सोर्समध्ये, म्हणजे मूळ नोंदींत, त्याचेच शब्द लिहायचे. हे कारकुनाचं काम आहे?

माझ्या बरोबरीच्या सीआरए झाल्या, प्रोजेक्ट मॅनेजर झाल्या, मी साइटवरच राहिले. घरचे अजून ऐकवतात. जमलं नाही म्हणून नाही राहिले, मला समोर पेशंट लागतो. चुटपुट एकच, रेटर ट्रेनिंग, म्हणजे पॅन्ससारख्या स्केल स्वतः घ्यायचं शिक्षण, फार उशिरा मागितलं, मागायला लाजायचे. तू लाजू नकोस, सोमवारीच सरांना विचार. सीआरए झालीस तरी दुसऱ्यांचे कन्सेंटच तपासशील, तेव्हा आधी स्वतः नीट घे. पुढचा कन्सेंट घेशील तेव्हा पेशंटला काय समजलं ते त्याच्या शब्दांत सांगायला लाव आणि तो काय म्हणाला ते मला कळव, सीआरएचं नंतर बोलू.