पुण्यात राहतो, कॅनन ७००डी आहे. डीप-स्काय (तारकागुच्छ, तेजोमेघ, दीर्घिका) फोटोंसाठी पहिली दुर्बीण म्हणून ८ इंची न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण) घेऊ का?

नको. पैसे आधी माउंटवर, म्हणजे कॅमेरा ताऱ्यांमागे फिरवणाऱ्या यंत्रावर घाला, दुर्बिणीचं पुढच्या वर्षी बघू. कॅमेरा हातात आहे. त्याला १३५ किंवा २०० मिमीची एक प्राइम लेन्स लावा आणि उरलेलं बजेट माउंट आणि ट्रायपॉडला द्या.

एरवी मी अशा प्रश्नांना उत्तरं देत नाही. पण "व्यास जितका मोठा तितकं चांगलं" हा सल्ला आपल्याकडे वर्षानुवर्षं सरसकट दिला जातो आणि त्यापायी चांगली हौशी मंडळी पहिल्याच हिवाळ्यात सामान विकून मोकळी होतात. डोळ्याने बघायचं असेल तर सल्ला अगदी बरोबर आहे, कारण डोळा प्रकाश साठवू शकत नाही. कॅमेरा साठवतो. त्याला प्रश्न एवढाच असतो, की साठवत असताना तारा त्याच पिक्सेलवर टिकला की नाही.

भंडारदऱ्याला अमावास्येच्या एका कॅम्पला एका मित्राने नेमका तुमच्या मनातला संच आणला होता. ८ इंची एफ/५ न्यूटोनियन, ईक्यू५ वर्गातलं माउंट, ४.३ मायक्रॉन पिक्सेलचा कॅनन. आकाश उत्तम होतं. सकाळी कार्डावर एकेक मिनिटाच्या फ्रेम्स निघाल्या, आणि प्रत्येकीत तारे तांदळाच्या दाण्यासारखे लांबट. त्याचं आजही म्हणणं आहे की हे वाऱ्यामुळे झालं. वारा होता, मान्य. २०० मिमीहून जाड, जवळजवळ मीटरभर लांब नळी वाऱ्यात हलणारच. पण वारा शून्य असता तरी तेच झालं असतं. हिशोब मांडतो.

एका पिक्सेलमध्ये किती आर्कसेकंद (अंशाचा ३६०० वा भाग) आकाश येतं हे काढायला २०६ ला पिक्सेलच्या मायक्रॉनने गुणायचं आणि मिमीतल्या फोकल लेंग्थने भागायचं. १००० मिमीला (म्हणजे त्या ८ इंची एफ/५ ला) ०.८९ आर्कसेकंद येतात, १३५ मिमीला ६.६. आता माउंटचा वर्म गिअर (माउंटचं चाक फिरवणारा स्क्रूसारखा दांडा) घ्या. १४४ दात्यांच्या चाकावर वर्मचा एक फेरा साधारण १० मिनिटांत होतो आणि त्या फेऱ्यात माउंट थोडं पुढे, थोडं मागे सरकतं. या वर्गात या टोकापासून त्या टोकापर्यंत ४० आर्कसेकंदांचा दोष धरला, तर फेऱ्याच्या सगळ्यात वाईट मिनिटात तारा १२-१३ आर्कसेकंद सरकतो. १००० मिमीवर ते १४ पिक्सेल होतात, १३५ मिमीवर जेमतेम २. माउंट तेच, दोष तोच. एका संचात फ्रेम कचऱ्यात जाते, दुसऱ्यात ती स्टॅकमध्ये (सगळ्या फ्रेम्स एकत्र करताना) खपून जाते.

"मग गाइडिंग लावायचं," असं त्याचं उत्तर असतं, म्हणजे दुसऱ्या छोट्या कॅमेऱ्याने एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटला सतत दुरुस्त करायचं. लावा ना. पण ९ किलोची नळी, वर कॅमेरा आणि गाइडस्कोप असा भार माउंटच्या कमाल मर्यादेला जाऊन भिडला, की पीएचडी२ (गाइडिंगचं सॉफ्टवेअर) दुरुस्ती पाठवतं, माउंट ती उशिरा घेतं आणि जास्त घेतं. पुढची दुरुस्ती उलट्या दिशेने जाते आणि आलेख रात्रभर करवतीसारखा चालतो. फोटोसाठी भार कंपनीने छापलेल्या आकड्याच्या निम्म्यावर ठेवावा, फार तर दोन तृतीयांश.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची, आणि तिच्यावरून मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे. त्या रात्री पोलर स्कोपच्या (माउंटच्या अक्षात बसवलेल्या छोट्या दुर्बिणीच्या) मधोमध ध्रुवतारा आणून "अलाइनमेंट झाली" म्हणून जाहीर केलं गेलं. माउंटचा अक्ष रोखायचा असतो तो खगोलीय ध्रुवाकडे, ज्या बिंदूभोवती आकाश फिरतं तिकडे. ध्रुवतारा त्या ध्रुवावर नाही, सध्या तो त्याच्यापासून सुमारे ३८ आर्कमिनिट दूर आहे. ध्रुव चुकला की ताऱ्याचं सरकणं मिनिटाला जास्तीत जास्त ०.२६ गुणिले चूक (आर्कमिनिटांत) एवढं असतं. म्हणजे ध्रुवतारा मधोमध ठेवला तर मिनिटाला १० आर्कसेकंदांपर्यंत. १००० मिमीवर आणखी ११ पिक्सेल! गाइडिंगने तारा जागेवर धरला तरी बाकीची फ्रेम त्याच्याभोवती हळूहळू फिरते आणि कोपऱ्यातले तारे कमानीसारखे होतात.

म्हणून पोलर स्कोपमध्ये ध्रुवतारा मध्यावर न ठेवता वर्तुळावर ठेवायचा, आणि घड्याळाच्या कोणत्या ठिकाणी तो त्या वेळेचं मोबाइल ॲप बघून. त्याआधी घरी, दिवसाउजेडी, पोलर स्कोप स्वतः सरळ आहे का ते तपासा. दूरच्या मोबाइल टॉवरचं टोक क्रॉसवर आणा आणि आरए अक्ष (माउंट ज्याभोवती ताऱ्यांमागे फिरतं तो) १८० अंश फिरवा. टोक क्रॉसवरून हललं, तर जितकं हललं त्याच्या निम्मं स्कोपच्या तीन बारीक स्क्रूंनी आणि उरलेलं निम्मं माउंटच्या नॉबने भरून काढा. एक स्क्रू पाव फेरा सैल केला की समोरचे तेवढेच आवळायचे. तिन्ही एकदम सैल केले तर काच आत पडते. टोक फिरवूनही जागचं हलत नाही तोवर हे करत राहायचं. नव्या कोऱ्या माउंटवरही हे तपासा, डब्यातून वाकडे निघालेले स्कोप मी पुष्कळ पाहिलेत.

आपल्या अक्षांशाची अडचण परदेशी व्हिडिओंत कोणी सांगत नाही. पुण्याहून ध्रुवतारा क्षितिजापासून फक्त साडेअठरा अंश वर. सह्याद्रीच्या कुठल्याही खोऱ्यात उतरलात की उत्तरेची धार त्याला झाकते, आणि धार नसली तरी फेब्रुवारीनंतर तेवढ्या उंचीवर धुरकट असतं. कॅम्पची जागा लोक दक्षिणेचं आकाश बघून निवडतात. उत्तर उघडी आहे का ते आधी बघा, आणि सूर्यास्ताच्या आत पोहोचा. शिवाय आरए अक्ष इतका आडवा होतो, की काउंटरवेटचा दांडा खाली आला की उत्तरेच्या पायावर आपटतो. ट्रायपॉडचा एक पाय दक्षिणेला आणि दोन ईशान्य-वायव्येला करा, म्हणजे वजन दोन पायांच्या मधून फिरतं. दिशेची खुंटी काही ट्रायपॉडवर काढून दुसऱ्या बाजूला लावता येते. तशी येत नसेल तर मध्ये एक्स्टेन्शन पाइप टाका. ट्रायपॉडचे पाय मात्र पूर्ण लांब करू नका.

ध्रुवतारा दिसतच नसेल (पुण्यातल्या दक्षिणाभिमुख बाल्कन्यांमध्ये हेच होतं), तर लॅपटॉपवर नीना या सॉफ्टवेअरचं थ्री-पॉइंट अलाइनमेंट आकाशाच्या कुठल्याही भागावर चालतं. लॅपटॉप नको असेल तर कॅमेऱ्याने करा. मध्यमंडळावरचा (उत्तर-दक्षिण डोक्यावरून जाणाऱ्या रेषेवरचा), खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा घ्या. १२५ सेकंदांचं एक्सपोजर लावा. पहिली ५ सेकंद काही करू नका, मग ६० सेकंद आरए एका दिशेला कमी वेगाने चालवा, पुढची ६० सेकंद उलट. रेघ स्वतःवरच परत आली तर दिगंश (अक्षाची डावी-उजवी दिशा) बरोबर आहे. इंग्रजी व्ही उमटला तर डावी-उजवीकडचा नॉब किंचित फिरवून पुन्हा. मग पूर्वेला किंवा पश्चिमेला खालचा तारा घेऊन तेच, या वेळी उंचीचा नॉब. पहिल्यांदा तास जातो, सवयीने २० मिनिटं पुरतात.

आता फोटो. १३५ मिमी, एफ/२.८, आयएसओ ८००, अंधाऱ्या जागी ६० सेकंद. हिस्टोग्रामचा उंचवटा डाव्या कडेपासून सुटून पाव ते तृतीयांश जागेवर यावा, तिथून पुढे वेळ वाढवून काही मिळत नाही. शहरात तोच उंचवटा त्याहून कितीतरी लवकर तिथे येतो. एकूण वेळ मात्र दोन-तीन तास हवाच, कारण गोंगाट फ्रेम्सच्या वर्गमुळाने घटतो. चौपट फ्रेम्स घेतल्या तर दुप्पट स्वच्छ, त्याहून जास्त नाही. लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन बंद ठेवा, ते निम्मी रात्र खातं.

फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये १० पट मोठं करून, बाहटिनोव्ह मास्क (फोकस नेमका कळावा म्हणून लेन्सपुढे लावायची खाचांची चकती) लावून, ठळक ताऱ्यावर. रिंग टेपने चिकटवा आणि तरीही तासाभराने पुन्हा तपासा, कारण थंडी वाढली की लेन्स आकसते. ड्यू हीटर लेन्सच्या पुढच्या टोकाला गुंडाळून दव पडायच्या आधीच चालू करा. काच ओली झाल्यावर ती वाळवण्यात अर्धा तास जातो. ट्रॅकरला (लहान माउंटला) पॉवर बँक पुरते आणि कॅमेऱ्याला डमी बॅटरी घ्या, नाहीतर मध्यरात्री बॅटरी बदलताना फ्रेमिंग हलतं. थंड केलेला कॅमेरा, लॅपटॉप आणि हीटर सगळं आलं की १२ व्होल्टवर ४-५ अँपिअर लागतात. तेव्हा रात्रभरासाठी किमान ४० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी लागते.

दर १०-१५ मिनिटांनी फ्रेम थोडी हलवा, दर वेळी वेगळ्या दिशेला. याला डिदरिंग म्हणतात आणि ते टाळलं तर स्टॅक केल्यावर तिरक्या रेषांची जाळी दिसते, ती कुठल्याच सॉफ्टवेअरने जात नाही. थंड न होणाऱ्या डीएसएलआरला डार्क फ्रेम्सपेक्षा (झाकण लावून तेवढ्याच वेळेच्या काढलेल्या फ्रेम्स) डिदरिंग जास्त कामाचं, असं माझं स्पष्ट मत आहे. डार्क घेता त्या वेळचं सेन्सरचं तापमान आणि फोटो काढतानाचं तापमान आपल्याकडे सहसा जुळत नाही. फ्लॅट्स मात्र सोडू नका. पहाटे उजाडताना फोकस न हलवता लेन्सवर पांढरा टी-शर्ट ताणून २५-३० घ्या, हिस्टोग्राम मध्यावर. बायस (झाकण लावून सगळ्यात कमी वेळेच्या फ्रेम्स) ५०. पुढचं सगळं सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये फुकट होतं.

शहरातून की बाहेरून, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तो प्रश्न येणारच. शहराच्या आकाशाची पार्श्वभूमी दर चौरस आर्कसेकंदाला १८.५ प्रतीची धरा आणि चांगल्या अंधाऱ्या जागेची २१ (प्रत हे तेजाचं माप, आकडा मोठा तितका अंधार जास्त). अडीच प्रतींचा फरक म्हणजे दहापट प्रकाश. देवयानी दीर्घिकेचा वेल्ह्याच्या पुढे एका तासात मिळणारा दर्जा कोथरूडच्या गच्चीवरून मिळवायला दहा तास लागतील. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातल्या पहिल्या डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला आहे, विदर्भात नातेवाईक असतील तर उपयोग करून घ्या. तेजोमेघांचं गणित वेगळं. रोझेटसारखे मेघ ६५६.३ नॅनोमीटरच्या हायड्रोजन-अल्फात चमकतात, त्यामुळे ड्युअल-बँड फिल्टर (फक्त दोन अरुंद पट्ट्यांतला प्रकाश सोडणारा) लावून ते गच्चीवरूनही निघतात. पण तुमच्या न बदललेल्या ७००डीच्या सेन्सरपुढची काच त्यातला बहुतेक प्रकाश अडवते. तो फिल्टर आत्ता घेऊ नका. जुने सीएलएस फिल्टर (शहरी उजेड गाळणारे) तर मुळीच नको. ते सोडियम दिव्यांसाठी होते, आता रस्त्यांवर एलईडी आहेत.

सुरुवात कृत्तिका, देवयानी आणि मृगातल्या एम४२ ने करा. १३५ मिमीवर देवयानीचे तीन अंश सोळाशे पिक्सेलांत बसतात. तुमच्या ८ इंचीच्या फ्रेममध्ये सव्वा अंशच मावतो, दीर्घिकेचा नुसता मधला भाग. एम४२ चा गाभा जळतो म्हणून ५-१० सेकंदांच्याही फ्रेम्स घ्या. एप्रिल-मेमध्ये ओमेगा सेंटॉरी २४ अंशांवर येतो. युरोपातल्या बहुतेकांना तो दिसतही नाही, आपण का सोडायचा?

हे सगळं मोठ्या वस्तूंसाठी. ग्रह काढायचे असतील तर माझा सल्ला उलटा करा: तिथे ८ इंचीच हवी, कारण फ्रेम्स मिलिसेकंदांच्या असतात. लहान दीर्घिकांसाठीही कधीतरी लांब फोकल लेंग्थ लागेलच, पण त्याआधी ६०-७० मिमीचा ईडी रिफ्रॅक्टर (भिंगाची दुर्बीण) आणि फ्लॅटनर (कडेचे तारे नीट करणारं भिंग). अलाइनमेंट, स्टॅकिंग यांत रसच नसेल तर स्मार्ट टेलिस्कोप (हे सगळं आपोआप करणारी दुर्बीण) घ्या, त्यात कमीपणा नाही.

माउंट जुनं मिळत असेल तर आनंदाने घ्या, पण तपासून. क्लच आवळून काउंटरवेटचा दांडा टोकाला धरून हलवा; टिक असा झटका लागला तर वर्म सैल आहे. मग विक्रेत्याच्याच गच्चीवर २०० मिमी लेन्स लावून, एफ/११ किंवा त्याहून बंद करून, विषुववृत्ताजवळच्या ठळक ताऱ्याचं १० मिनिटांचं एकच एक्सपोजर घ्या, आणि त्यासाठी माउंट मुद्दाम उत्तरेपासून ५ अंश वळवून ठेवा. तारा रेघ ओढत जाईल आणि वर्मचा दोष त्या रेघेवर लाटेसारखा उमटेल. लाटेची रुंदी पिक्सेलमध्ये मोजून ४.४ ने गुणली की आर्कसेकंद मिळतात. लाट गुळगुळीत असेल तर पन्नासचा आकडाही चालेल, गाइडिंग ते सांभाळतं. मध्येच टोकदार दात दिसले तर किंमत निम्मी केली तरी घेऊ नका.